चावीवाल्या काकांच्या घरचा नळ

चावीवाले काका एकतीस वर्षं आमच्या भागाला पाणी सोडत. खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी. ती रस्त्यातल्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरवून बावीस वेळा फिरवली, की जमिनीखालून पाणी निघायचं. मग काका क्षणभर तिथेच बसून चावीच्या दांड्याला कान लावत. पाणी आधी श्वास घेतं, मग बोलतं, असं ते सांगत. निवृत्तीनंतरही डोळा लागला की त्यांना तेच ऐकू यायचं: लांबून येणारं, अजून कुणाच्याच भांड्यात न पडलेलं पाणी.

घरी मात्र दिव्याखाली अंधार. स्वयंपाकघरातला नळ काकू वाहता ठेवूनच काम करत. काकांनी समजावून पाहिलं, रुसून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी, तेही यांनीच सोडलेलं.

शेवटी लेकीने हात न लावता चालणारा नळ आणून बसवला. खाली हात धरला की धार, काढला की बंद. काकू त्याच्याशी पाहुण्यासारख्या वागू लागल्या. पिठाने माखलेले हात पुढे करायच्या आणि धार आली की किंचित मागे सरायच्या. दुपारीच तळ गाठणारी टाकी आता संध्याकाळीही निम्मी भरलेली असायची. काका खूश. काकू मात्र गप्प गप्प.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकांनी विचारलं, काय बिनसलंय?

ओट्यावर कोवळं ऊन पसरलं होतं. काकू त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही उजाडायच्या आत निघायचात. मी कोरडा नळ उघडून वाट बघत बसायचे. धार लागली की कळायचं, नीट पोहोचलात. मग बंद करावासाच वाटायचा नाही. सवय लागली ती लागलीच."

आपण या टोकाला कान लावून बसायचो तेव्हा त्या टोकालाही कुणी कान लावून बसलेलं असायचं, हे इतक्या वर्षांत काकांच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

"अगं, मग बोलायचंस की," एवढंच ते म्हणाले.

त्यांनी काकूंना बसायला स्टूल ओढून दिलं आणि स्वतः भाजी धुवायला घेतली. नळ मध्येच वाहायचा, मध्येच थांबायचा. तो थांबला की काका हळू आवाजात सांगू लागत: कुठल्या गल्लीत पाणी रेंगाळतं, कुठल्या चढावर दमतं. भाजी धुऊन झाली, चिरूनही झाली, तरी काकू काही उठल्या नाहीत.