ठरलेला वार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला एवढंच माहीत आहे की नंदूचं नाव निघालं की मी उठून आत जातो. का जातो, ते तिनेही कधी विचारलं नाही — आणि विचारलं असतं तर सांगितलं असतं का? नसतं.

जामसंड्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही कुस्तीवेड्यांनी मोबाइलवर एक ग्रुप काढला होता. खोट्या कुस्तीचा. प्रत्येकाचा एक मनातला पैलवान. त्याच्या आवाजात आव्हानाचं भाषण रेकॉर्ड करून टाकायचं, दुसऱ्याने उलट भाषण करायचं, आणि ज्याचं भाषण भारी तो जिंकला. मुंबईला नोकरीला गेलेले, गोव्यात असलेले, गावात राहिलेले — सगळे होते. हसू नका. दिवसभर फुटलेल्या काचा बदलणाऱ्या माणसाला त्या ग्रुपवर कुणी ‘वस्ताद’ म्हटलं की बरं वाटायचं.

आमचे शब्दही आमचेच. सज्जन पैलवान तो ‘बरो’, दुष्ट तो ‘वायट’. कायम हरणारा तो ‘पायपुसणो’. आम्ही जे काही बोलू, ते सगळं ‘सोंग’. आणि कुणाच्या खऱ्या आयुष्यातली गोष्ट भाषणात काढली, तर तो ‘खरो वार’. खऱ्या वाराला आमच्यात बंदी होती. फक्त दोघांनी आधी बोलून घेतलं असेल तर चालायचं. त्याला म्हणायचं ‘ठरलेलो वार’. कसा एवढासा फरक, नाही? एका शब्दाचा.

मी बरेच महिने पायपुसणो होतो. नंदू माझा शाळेपासूनचा मित्र, आणि ग्रुपवरचा सगळ्यात लाडका ‘बरो’. पट्ट्यासाठीच्या, म्हणजे विजेतेपदाच्या, शेवटच्या कुस्तीत मी त्याच्यासमोर आलो.

नंदूचा धाकटा भाऊ लहानपणीच खाडीत गेला होता. दोघे कालवं काढायला गेले होते आणि भरती लागली. गावाला माहीत होतं ते इतकंच, की पोर एकटंच घसरलं आणि नंदू लांब होता. खरं काय ते नंदूने एकदाच सांगितलं. गावाबाहेर कातळाच्या सड्यावर बसलो होतो, आम्ही दोघंच. “हात मीच सोडलंय रे,” तो म्हणाला. “नायतर दोघंय गेलो असतंव.” आईला हे कळू द्यायचं नाही, एवढंच त्याने माझ्याकडून वदवून घेतलं.

आणि मी — कसं सांगू? — मी ते भाषणात घातलं. मोठ्या आवाजात, पैलवानाच्या थाटात: “धाकट्या भावाचो हात सोडलंस तू, माझी मान काय धरतलंस?”

उत्तर लगेच आलं. नंदूचा आवाज फुटलेला होता. “बंद कर रे. ह्या सोंग नाय. तो माझो भाव होतो.” आणि मग नुसतं रडणं.

ग्रुप वेडा झाला. असं भाषण आजवर कुणी केलं नाही, काय रडलाय, अंगावर काटा आला! एकाने मात्र विचारलं, हा खरो वार तर नाही ना? तेव्हा सांगता आलं असतं. मी लिहिलं — ठरलेलो वार आसा. टाळ्यांची चित्रं येत राहिली. तो जितकं नाही म्हणत होता, तितकं ते त्याला उत्तम सोंग म्हणत होते. पट्टा मला मिळाला. नंदू ग्रुप सोडून गेला.

इथेच थांबलं असतं तर कदाचित मी हे एवढं लपवलं नसतं.

चतुर्थीला मुंबईहून आलेल्या त्याच्या चुलतभावाने कौतुकाने ती दोन्ही भाषणं काकीला ऐकवली. काकी म्हणजे नंदूची आई. माझ्या आईच्या आजारपणात मी हिच्याच हातचं जेवलो होतो. ती भर दुपारी दुकानात आली. बसली नाही. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत काउंटर धरून उभी राहिली.

“खरा सांग हां माका. मोबायलात ऐकलंय ता तुमचा सोंग, की खरा?”

मी म्हणू शकलो असतो, काकी, मीच रचलं, नंदूला काही माहीत नव्हतं. एवढ्या एका वाक्यात त्याचं गुपितही राहिलं असतं आणि तोही सुटला असता. शिव्या मला बसल्या असत्या. तेवढ्यालाच मी भ्यालो. तिच्या नजरेतून उतरायला भ्यालो.

“सोंगच ता, काकी,” मी म्हणालो. “नंदूनच सांगल्यान, असा बोल म्हणान. रंगात येता.”

तिने काउंटरवरचा हात काढला. मग म्हणाली, “मेलेल्या भावाचो खेळ केल्यान?” आणि गेली.

नंदू आला तो दुसऱ्या दिवशी. मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. “आवशीक तू सांगलंस, मीच बोलूक लावलंय म्हणान?” मी मान खाली घातली. तो जायला वळला. मग म्हणाला, “रवांदे. तिका हाताचा कळाक नाय, ह्याच बरा.” त्याने सगळं स्वतःवर घेतलं. आईसमोर होय म्हणाला.

तिने त्याच्याशी बोलणं सोडलं. वाढायची, पण ताट ठेवून वळायची. तो गोव्याला हॉटेलात कामाला लागला. पैसे पाठवायचा, ते ती शेजारणीकडून घ्यायची. मी कितीदा त्यांच्या बेड्यापर्यंत, कुंपणाच्या फाटकापर्यंत गेलो आणि परतलो. ती होती तोवर प्रत्येक दिवस होता ना माझ्याकडे?

गेल्या वर्षी काकी गेली. नंदू वेळेवर पोचला होता, शेवटची रात्र तिच्या उशाशी बसून होता. मी गेलो तेव्हा बाहेर खळ्यात माणसं जमली होती. शेजारच्या म्हातारीने त्याच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, “शेवटाक बोलली काय रे आवस तुझ्यावांगडा?”

नंदूने नाही म्हणून मान हलवली. मग त्याने वर पाहिलं. मी समोरच उभा होतो. माणसं होती, वेळ होती, तोंडात ‘मीच’ हा शब्दही होता. मी चप्पल काढून बाजूला ठेवली आणि तिरडीला हात लावायला पुढे झालो.