पिटुकल्याचा वरचा सूर

मुलाने वह्या मागितल्या तेव्हा मी त्याला एक कमी दिली.

रोज चार ओळी लिहायची माझी लग्नापासूनची सवय आहे. घरात काय झालं, कोण आलं-गेलं, आणि शेवटच्या ओळीत देवाकडे काय मागितलं. मुलगा गायक आहे. त्याच्यावर आता तासाभराचा कार्यक्रम होणार आहे, अगदी लहानपणापासूनचा, आणि कुठल्या साली कुठे गायला हे त्याला स्वतःला धड आठवत नाही. "आई, तुझ्या वह्यांत सगळं असेल," म्हणाला. सगळं होतं, तीच तर अडचण होती.

सहा वर्षांचा असताना ह्यांच्या कारखान्याच्या समारंभात तो पहिल्यांदा गायला. माइक त्याच्या डोक्यावरून जात होता, म्हणून कुणीतरी कॅन्टीनमधलं स्टूल आणून दिलं. तिथे एक ऑर्केस्ट्रावाले आले होते. त्यांनी त्याला स्टुलासकट उचललं म्हणायचं, कारण पुढे सहा-सात वर्षं प्रत्येक स्टेजवर तो स्टुलावरच उभा राहिला. नाव ठेवलं 'पिटुकला'. अर्धी चड्डी, गळ्याला बो, आणि शेवटी ते एक गाणं, ज्याची अखेरची ओळ जिन्यासारखी वर वर चढत जाते. त्या वरच्या सुरावर तो पोचला की माणसं खुर्च्यांवरून उठायची. मी विंगेत गरम पाण्याचा थर्मास आणि कंगवा घेऊन उभी. बाजारात भाजीवाला इतरांना थांबवून मला आधी द्यायचा, "पिटुकल्याच्या आई, या." माझं नाव काय ते कुणी विचारत नसे, आणि मला त्याचं काही वाटत नसे. उलट आवडायचंच.

बारावं सरलं तसा तो ताडमाड वाढायला लागला. स्टुलाची गरज उरली नव्हती, तरी मी एक बुटकं स्टूल करवून घेतलं. ओठावरची लव पावडरीने झाकायची. हे म्हणायचे, "अगं, मुलगा आहे तो. कुंडीतलं झाड नाही, छाटून छाटून बुटकं ठेवायला."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणायची, आणि देवापुढे जाऊन बसायची. मोठ्याने बोलून मागायची माझी पद्धत आहे. मनातल्या मनात मागितलं की माझं लक्ष दुधाकडे जातं. चौदा महिने मी एकच मागणं मागितलं. त्या वहीच्या प्रत्येक पानावर शेवटची ओळ तीच आहे: त्याचा आवाज असाच राहू दे. मूल वाढू नये म्हणून आई देवाला साकडं घालते, हे तेव्हा मला भक्तीसारखंच वाटत होतं.

ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारे एक काका होते. कमी बोलायचे, खिशात सदा लवंगा. एका कार्यक्रमात पिटुकला शेवटची ओळ गात होता आणि मी विंगेत सवयीने त्याच्याबरोबर गुणगुणत होते. तो वरचा सूर मी गाऊन गेले. सहज. घरी सराव घेताना माझा आवाज तिथे कधी पोचलाच नव्हता. वाटलं, देवाने प्रसाद दिला!

घरी येऊन सरावाच्या पेटीबरोबर पुन्हा गाऊन पाहिलं, तर घशातून नुसती शिट्टी. मग उजेड पडला. प्रसाद-बिसाद काही नव्हता. काकांनी पट्टी खाली आणली होती, म्हणजे सगळं गाणंच खालच्या सुरात वाजवलं होतं. मुलाचा आवाज जड होतोय हे त्यांच्या कानांनी ओळखलं होतं, आणि त्याचा घसा ताणू नये म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी ते गुपचूप थोडी थोडी उतरवत होते. लोकांना कळलं नाही. ऑर्केस्ट्राच्या मालकांना कळलं नाही. मुलाला मात्र कळलं असणार, गात तर तोच होता.

मी काकांचे पाय धरायला हवे होते. मी मालकांकडे गेले. पट्टी उतरवतात असं सांगितलं असतं तर "का उतरवतात?" हा प्रश्न आला असता, आणि पिटुकल्याचे दिवस भरले हे उघड झालं असतं. म्हणून मी म्हणाले, "ते बेसूर वाजवतात. मुलाचा गोंधळ होतो." सकाळीच देवापुढे हात जोडून निघाले होते. पुढच्या कार्यक्रमाला कीबोर्डवर दुसराच माणूस होता, आणि पट्टी जुनी, मूळची.

शेवटच्या ओळीला मुलाने माझ्याकडे पाहिलं. त्याला जमणार नाही हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. मी बोट वर केलं. वर, वर. त्याने प्रयत्न केला आणि आवाज चिरफाळला, दार करकरावं तसा. पुढच्या रांगेतली पोरं आधी हसली, मग मोठी माणसंही. तो स्टुलावरून उतरला आणि चुकीच्या बाजूला, माझ्यापासून लांबच्या विंगेत निघून गेला. माझं बोट तेव्हाही वरच होतं.

त्यानंतर सहा वर्षं तो गायला नाही. शाळा संपवली, पंखे दुरुस्त करायच्या दुकानात लागला. मग तिथल्याच दोन मित्रांनी भिंतींना गाद्या लावून एक खोली केली आणि त्यात त्याने खालच्या, घोगऱ्या आवाजात एक गाणं केलं. ते लोकांच्या फोनवर वाजायला लागलं. आज त्याच आवाजासाठी लोक येतात. सहा फूट उंच आहे, दाढी आहे, तरी एखादी म्हातारी हाक मारतेच, "अरे, तू पिटुकला ना?" तो हसून हो म्हणतो.

मंगळवारी तो वह्या घेऊन परत आला. "मधलं वर्ष-सव्वा वर्ष नाहीये यात."

"हरवली असेल."

"तुझी वही? तुझी सुईसुद्धा हरवत नाही."

मी कपाटातल्या चादरींखालून ती काढून दिली. त्याने उभ्या-उभ्या चाळली, पान, पान, शेवटची ओळ. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. काकांबद्दल वहीत काही लिहिलेलं नव्हतं. ते मी तोंडाने सांगितलं, पाठ फिरवूनच.

"मागणं मला माहीत होतं," तो म्हणाला. "मधली भिंत ती केवढी, आणि तुझा आवाज तो केवढा! मी पलीकडून उलटं मागायचो. लवकर फुटू दे म्हणून." मग जरा हसला. "माझं ऐकलं त्याने."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. पण पुढचं बोलताना तो हसत नव्हता. "काकांना तुझ्यामुळे काढलं, हे मात्र माहीत नव्हतं. त्यांना मी कार्यक्रमात बोलावलंय. त्याआधी तू बोल त्यांच्याशी."

काका आता एका शाळेत मुलांना संगीत शिकवतात. फोन त्यांनीच उचलला. मी सगळं सांगितलं, मालकांपुढे वापरलेला तो शब्द सोडून. पलीकडून वर्गातला गलका ऐकू येत होता.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्हाला एकदाच कळलं. मी चार वेळा उतरवली होती!" आणि खोकल्यासारखे हसले. मीही हसले. वाटलं, सुटले.

मग त्यांनी मुलांना गप्प बसायला सांगितलं आणि पुन्हा फोनवर आले.

"पण बेसूर म्हणायला नको होतं, वहिनी. पुढे मला कुणी वाजवायला बोलावलं नाही."

मी म्हटलं, "हो."