आई, पेशी कमी येऊ देत

माझा धाकटा भाऊ रक्ताच्या कॅन्सरने गेला, तेव्हापासून पांढऱ्या पेशी हे शब्द नुसते कानावर आले तरी मी तिथून उठून जायची. त्याचे रिपोर्ट आणायला मीच जायची आणि दर खेपेला तेच ऐकून यायची, पेशी वाढल्यात, आणखी वाढल्यात. आमची कुलदेवता वणीची सप्तशृंगी. तिच्यापुढे डोकं टेकून टेकून मी म्हटलं, आई, त्या कमी कर. नाही झाल्या. तो गेला आणि मी देवीवर रुसले. रुसले म्हणजे काय, दिवा रोज लावायची, पण तिच्या तसबिरीकडे बघायची नाही. बाईमाणूस कुलदेवतेशी अबोला धरून धरून किती धरणार?

अशात आमच्या लेकीला, नंदाला, गोवर निघाला. ऐंशी साल उलटून गेलं होतं, नंदा चार वर्षांची होती आणि आमचे हे नुकतेच अंबडच्या कारखान्यात लागले होते. सासूबाईंनी रीतीप्रमाणे दाराला कडुलिंब बांधला, घरात फोडणी बंद केली. गोवर म्हणजे आई पाहुणी आलीय, तिला सुखाने जाऊ द्यायचं, असं त्यांचं म्हणणं. पुरळ मावळलं, आम्ही पोरीला कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घातली आणि म्हटलं, सुटलो. कुठलं सुटतोय! ताप उलटला, खोकल्याने ती पिळवटून निघायला लागली आणि श्वास घेताना तिच्या इवल्याशा नाकपुड्या फुलायला लागल्या. नाशिकरोडच्या एका छोट्या दवाखान्यात आम्ही तिला दाखल केलं.

डॉक्टर भला माणूस होता. गोवर छातीत उतरलाय, म्हणाले, औषध सुरू करू आणि रक्त तपासून पांढऱ्या पेशी किती आहेत ते बघू. त्यांच्या तोंडी ते रोजचंच वाक्य होतं, पण मला भावाचे रिपोर्ट डोळ्यांपुढे दिसायला लागले. नंदाच्या दंडाला रबर बांधलं, सुई टोचली, ती धड रडलीसुद्धा नाही. मी भिंतीकडे तोंड केलं आणि इतक्या दिवसांचा अबोला सोडून म्हटलं, आई, मागचं सगळं विसरते. एवढं एकदाच ऐक. पेशी कमी येऊ देत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी प्रयोगशाळेतून रिपोर्ट आणायला गेले. तिथला माणूस म्हणाला की पांढऱ्या पेशी कमी आहेत, डॉक्टरांना लगेच दाखवा. यातलं पहिलंच मी ऐकलं. पुढचं ऐकायला मी जाग्यावर होते कुठे! देवीने ऐकलं होतं. माझ्या डोळ्यांना धार लागली. डॉक्टर व्हिजिटला गेले होते, संध्याकाळी येणार होते, तोवर दम धरायचा कुणाला? कोपऱ्यावरून पेढे घेतले, नंदाजवळ बसलेल्या सासूबाईंच्या तोंडात एक घातला आणि दिसेल त्याच्या हातावर पेढा ठेवत दवाखानाभर फिरले. नंदाचा श्वास तसाच चालू होता, पण मी म्हटलं, आता उतरेल हळूहळू.

खालच्या मजल्यावर बाळंतिणींच्या खोल्या होत्या. देवळाली कॅम्पातले एक लष्करी डॉक्टर, चांगले आपले मराठी गृहस्थ, आपल्या ड्रायव्हरचं बाळ बघायला आले होते. जिन्यात मी त्यांच्याही पुढे पेढा धरला. दवाखान्यातला पेढा म्हणजे बाळंतपणाचाच. त्यांनी हसून विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"मुलगी. पण चार वर्षांची आहे. गोवर छातीत गेलाय तिचा. आज रिपोर्ट आला, पांढऱ्या पेशी कमी झाल्या बघा."

पेढा तोंडाशी नेलेला हात तिथेच थांबला. "मुलगी कुठे आहे?" एवढंच ते म्हणाले आणि माझ्या पुढेच जिना चढायला लागले.

त्यांनी नंदाची छाती तपासली, रिपोर्ट बघितला, मग मला बाहेर बोलावलं. माझ्या भावाच्या आजारात त्या पेशीच बिघडून माजल्या होत्या, म्हणून वाढणं वाईट होतं, असं त्यांनी मला समजावलं. इथे रोगाशी लढणाऱ्या चांगल्या पेशीच संपत आल्या होत्या. गोवरात त्या थोड्या उतरतातच, पण इतक्या उतरल्या आणि छातीही भरलेली असली की ते लक्षण चांगलं नसतं. शेवटी म्हणाले, "ताई, हिला आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात हलवायचंय. ऑक्सिजन लागणार आहे." आमच्या डॉक्टरांना त्यांनी फोनवर गाठलं, दोघांचं एकमत झालं आणि आम्ही त्यांच्याच जीपमधून निघालो.

त्या जीपमध्ये मी जशी भ्याले तशी जन्मात कधी भ्याले नाही. नंदाचे ओठ निळसर दिसत होते आणि माझ्या डोक्यात एकच, की हे मी मागून घेतलंय. माझ्याच तोंडाने मागितलं, पेशी कमी येऊ देत, आणि तिने दिल्या. पोटच्या पोरीचं मरण मी पेढे वाटून साजरं करत होते. माझी बोटं पेढ्यांनी चिकट झालेली होती आणि त्याच बोटांनी मी पोरीला धरून बसले होते.

हॉस्पिटलात नंदाला ऑक्सिजन लावला, सुया सुरू झाल्या. हे कारखान्यातून तसेच धावत आले. रोज तिचं रक्त नेत आणि मी दाराशी उभी. आता पेशी वाढायला हव्या होत्या. पण आई, वाढू देत, असं म्हणायला जीभच उचलेना. किती वाढल्या म्हणजे पुरे, हे मला कुठे ठाऊक होतं? भावाच्याही वाढल्याच होत्या की. कमी म्हणायची भीती, जास्त म्हणायची भीती. शेवटी पलंगाच्या दांडीला डोकं लावून मी म्हटलं, आई, मला मागता येत नाही. पोर तुझी. तुला कळतं, तू कर. एवढं बोलले आणि मला झोप लागली. भीती गेली नव्हती, पण ती मी एकटीनेच उचलून धरायला हवी, असं काही उरलं नव्हतं.

नंदा वाचली. पेशी हळूहळू वर आल्या आणि जिथे थांबायला हव्या तिथे थांबल्या. तिथले डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत वाट बघितली असतीत तर सांगता आलं नसतं. पुढे आम्ही त्या लष्करी डॉक्टरांना शोधत कॅम्पात गेलो, तर त्यांची बदली झाली होती. कुणी म्हणेल योगायोग. म्हणू दे, मी वाद घालत नाही. मला एवढंच कळतं, की मी शहाणी असते तर रिपोर्ट घेऊन डॉक्टरांची वाट बघत पोरीजवळ गुपचूप बसले असते. माझं मागणं चुकलं, आनंद चुकला, आणि त्या चुकीचाच हात धरून आईने माणूस पाठवला. भावाच्या वेळी का नाही पाठवला, ते मला अजून कळलेलं नाही. त्याचं दुःख आहे ते आहेच.

नंदाच्या अंगात बळ आल्यावर आम्ही वणीच्या गडावर गेलो. आजूबाजूला बाया नवस बोलत होत्या, कुणाला नोकरी, कुणाला नातू. मी हात जोडले, आईच्या मोठ्या डोळ्यांकडे पोटभर बघितलं आणि मागे फिरले. पायऱ्या उतरताना यांनी विचारलं, काय मागितलंस? मी म्हटलं, काही नाही. "बरं केलंस बाई," हे म्हणाले, "तुझं मागणं निस्तरता निस्तरता देवीच्या नाकी नऊ आले असतील." मी हसले आणि हसता हसता तिथेच पायरीवर बसून रडले. नंदा पुढे पळत होती. हळू चाल, पडशील, असं मी ओरडणार होते, पण ओरडले नाही.