पहिलीच खेप

घाटकोपरच्या एका सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर मी नऊ वर्षं बसते. बाई आली की आधी फॉर्म भरायचा. नाव, वय, आधीची मुलं किती, आधी कधी पोटातलं पडलंय का. या शेवटच्या प्रश्नाला बायका सर्रास खोटं बोलतात आणि मला ते लगेच कळतं. मागे सासू उभी असली की नजर आधी तिच्याकडे जाते, मग उत्तर येतं. अशा वेळी मी सासूला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवायचे आणि बाईला म्हणायचे, "ताई, इथे खोटं बोललीस तर वाट तुझी लागेल, माझी नाही. खरं काय ते सांग." जाम शहाणपणा शिकवायचे मी लोकांना.

आणि माझ्या स्वतःच्या कार्डावर काय लिहिलं होतं? पहिलीच खेप. धडधडीत खोटं.

तीन वर्षांपूर्वी माझं पाचव्या महिन्यात गेलं होतं. तेव्हा आम्ही कुर्ल्याला राहायचो, तिथल्याच एका नर्सिंग होममध्ये. पोटात कळ नाही, काही नाही. दुपारी बाथरूमला गेले आणि भळकन पाणी गेलं. पुढे मला इंजेक्शन दिलं आणि त्यानंतरचं मला काही म्हणजे काही आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा सगळं आवरून झालं होतं. मी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

सासूबाई मालवणकडच्या. आयुष्य मुंबईत गेलं तरी बोलणं अजून गावचंच. गेलेल्याचा विषय घरात काढायचा नाही, हा त्यांचा कायदा. आम्ही मुलुंडला राहायला आलो, मला पुन्हा दिवस गेले आणि तो कायदा आणखी कडक झाला. "पोटातल्याक आयकाक येता गो," त्या म्हणाल्या. "आपल्याआधी कोण गेलां ता कळला, की ह्यां पण त्याच वाटेक लागता."

नव्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "पहिलीच खेप ना?" सासूबाई माझ्याआधी "होय" म्हणाल्या. मी गप्प बसले. मी! नऊ वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून खरं काढणारी! देवदेवस्कीवर माझा काडीचा विश्वास नाही, पण त्या दिवशी मनात आलं, यांचं खरं असलं तर? भीती शहाण्यालाही गाढव करते. आणि एकदा कार्डावर लिहिलं गेलं की दर खेपेला खोडायची लाज जास्त वाटायला लागते.

पाचवा लागला तसं अंग बदलायला लागलं. बेंबीखाली काळी रेघ उमटली. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. संध्याकाळी चपला पायात शिरेनात. पोटाला सारखी खाज, आणि भूक अशी की अकराच्या आत माझा डबा संपलेला असायचा. कामावर कुणाला सांगितलं नव्हतं, मागचंही तापाच्या रजेवर भागवलं होतं, कारण पाच पूर्ण होईस्तोवर बाहेर बोलायचं नाही, हाही कायदाच. मी सैल कुर्ते घालून फिरत होते. आमच्या मॅडम, म्हणजे सेंटरच्या डॉक्टर, एकदा म्हणाल्यासुद्धा, "काय गं, वजन वाढलंय तुझं." मी म्हटलं, "सासूबाईंच्या हाताला चव आहे, मॅडम."

आणि आत ते वाढत होतं. अठराव्या आठवड्यात पहिल्यांदा हललं. बुडबुडा फुटावा तसं काहीतरी, डाव्या बाजूला. आधी वाटलं गॅस असेल. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा. मला आनंद झाला म्हणू? नाही, खरं सांगते, मला धडकी भरली. पहिलंसुद्धा याच सुमाराला हलायला लागलं होतं.

पाचव्यातली मोठी सोनोग्राफी मी आमच्याकडे केली नाही. सगळ्यांना कळलं असतं. मुलुंडच्याच एका सेंटरला गेले, सोबत सासूबाई. तिथल्या काउंटरवरच्या पोरीने विचारलं, "आधी कधी पडलंय का?" माझी नजर सासूबाईंकडे गेली. ती पोरगी नवीन असावी, तिने ते पाहिलंच नाही. मी म्हटलं, "नाही."

आतले डॉक्टर बोलके होते. हृदयाचे चार कप्पे, दोन्ही किडन्या, कण्याचे मणे ओळीत, जठरात पाणी, म्हणजे बाळ गिळतंय. सगळं नॉर्मल. गर्भाशयाचं तोंड त्यांनी पोटावरूनच पाहिलं आणि ठीक आहे म्हणाले. पहिलटकरणीचं तेवढंच पाहतात. रिपोर्ट हातात आला तशी सासूबाईंनी त्याला नमस्कार केला. तिन्हीसांजेला दार लोटून त्यांनी माझी चोरचोळी केली. शेजाऱ्यापाजाऱ्यांना न कळवता हिरवी चोळी, नारळ, तांदळाची ओटी. इतक्या खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला मात्र पाटावर बसवेना. दोन दिवसांपासून खाली जड जड वाटत होतं, दुखत नव्हतं, नुसतं ओढल्यासारखं. मी बोलले नाही. रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग कशाला?

दोन दिवसांनी आमच्या सेंटरला भांडुपची एक बाई आली. एकोणीस आठवडे. सासू बाहेर पाठवायची गरजच पडली नाही, तिने आपणहून सांगितलं, मागचं पाचव्यात गेलं, कळा न येता. मी लिहून घेतलं. आतून मॅडमचा आवाज आला, "हिच्या पिशवीचं तोंड आतून मोजायला लागेल गं. वरून फसवतं. लघवी भरलेली असली की तोंड लांबच दिसतं, आणि प्रत्यक्षात उघडत आलेलं असतं."

हे वाक्य मी आजवर शंभरदा ऐकलं असेल. त्या दिवशी माझ्या हातातलं पेन थांबलं. ती बाई गेल्यावर मी आत गेले, दार लावलं आणि म्हटलं, "मॅडम, माझं पण मोजा. विसावा चालू आहे. माझं पण आधी पाचव्यात गेलंय."

मॅडम भडकल्या. "वेडी आहेस का गं तू? तू? तू लपवलंस?" मी रडायला लागले. मॅडमनी माझ्या मुलुंडच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना फोन लावला, तपासणीची चिठ्ठी मोबाइलवर आली, आणि माझा फॉर्म मी स्वतःच्या हाताने भरला. या वेळी खरा.

मोजताना मॅडम एकदम गप्प झाल्या. त्यांचं गप्प होणं मला पाठ आहे. "बोला ना," मी म्हटलं.

"तू इतके रिपोर्ट टाइप केलेस. किती असायला हवं?"

"अडीच सेंटिमीटरच्या वर."

"तुझं दीड आहे," त्या म्हणाल्या. "उठू नकोस. रिक्षा इथे खाली बोलवते."

तासाभरात मी मुलुंडच्या हॉस्पिटलात पलंगावर होते, पायाखाली उशा. नवरा लिफ्टच्या कामावर बोरिवलीला, तो निघाला होता. सासूबाई आधी पोचल्या. दारातच पुटपुटल्या, "कोणाक सांगलंस तू?" मी म्हटलं, "आई, आता पुरे. मी सगळं सांगणार आहे. तुम्हाला ऐकवत नसेल तर बाहेर थांबा." लग्नाला सहा वर्षं झाली, त्यांच्याशी असं मी कधी बोलले नव्हते. त्या बाहेर गेल्या नाहीत. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

डॉक्टर आल्या त्या कार्ड हातात घेऊनच. रागावल्या होत्या, पण आवाज चढवला नाही. "गर्भाशयाच्या तोंडाला टाका घालायचा की नुसतं औषध द्यायचं, हे मागच्या वेळी काय झालं त्यावर ठरेल. नीट आठवून सांग. आधी कळा आल्या होत्या?"

"नाही."

"ताप? रक्त?"

"नाही. एकदम पाणी गेलं."

"आणि बाळ बाहेर आलं तेव्हा जिवंत होतं?"

मला काय माहीत? हा प्रश्न तीन वर्षं मी स्वतःलासुद्धा विचारला नव्हता. वाटायचं, आत असतानाच गेलं असेल, त्याला काही कळलं नसेल. तेवढ्यावरच मी दिवस काढले होते. मी म्हटलं, "माहीत नाही. मला शुद्ध नव्हती."

"कुर्ल्याचे कागद आहेत का?"

"नाहीत."

"होतां," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी वळून पाहिलं. सासूबाई खाली बघत होत्या. "जितां होतां. माझ्या हातार दिल्यानी. पंज्यात मावलां. तोंड हलवीत होतां, घटकाभर. मगे थांबलां." पदर तोंडाशी धरला, पुन्हा काढला. "चेडू होतां."

चेडू. मुलगी. माझी मुलगी घटकाभर जगली आणि मी बेशुद्ध होते. मला वाटलं या बाईला ओरबाडावं. तीन वर्षं हिने एकटीने हे पोटात ठेवलं आणि मला चहा करून देत राहिली.

"मला का नाही सांगितलंत?" मी ओरडलेच.

"कशी सांगतलंय?" त्या म्हणाल्या. "तू अंथरुणातून उठाकच तयार नाय होतंस. तुका पण घालवू काय?" आणि मग त्या रडायला लागल्या, अगदी लहान पोरासारख्या. मला उठायची बंदी होती, म्हणून मी नुसता हात पुढे केला. त्यांनी तो धरला. तो हात मी किती तरी वेळ बघत राहिले.

डॉक्टरांनी कार्डावरचं 'पहिलीच' खोडलं आणि नर्सला सांगितलं, सकाळी पहिली केस हीच, टाका घालायचा.

टाका टिकला. दिवस भरून मला मुलगी झाली. सासूबाई तिला धाकटी म्हणतात.