मिस्त्रींचं सरळ

पंचवीस वर्षं गाड्यांखाली आडवं पडून मिस्त्रींची मान डावीकडे कलली ती कललीच. त्या दुपारी त्यांनी एका छोट्या गाडीची, चाकं वळवणारी इलेक्ट्रिक स्टिअरिंग रॅक बदलली. नवी रॅक म्हणजे तान्हं पोर. सरळ कशाला म्हणतात, ते तिला एकदा शिकवावं लागतं. मिस्त्रींनी चाकं समोर केली, स्टिअरिंग नजरेनं सरळ धरलं आणि त्याचा बोल्ट आवळला. रिकाम्या रस्त्यावर गाडी ढगावरून गेल्यासारखी तरंगत गेली.

गाडीच्या मालकीणबाई म्हणाल्या, "गाडी सरळ जातेय, पण स्टिअरिंग डावीकडे वाकडं आहे!"

"काहीतरीच! नाकासमोर आहे की," मिस्त्री उखडले. मग दोन्ही हातांनी मान धरून त्यांनी ती सरळ केली आणि खजील झाले. बोल्ट गुपचूप पुन्हा सोडवला.

संध्याकाळी घरात शिरताना, तंद्रीतच, त्यांनी पुन्हा मान हातांनी सरळ धरली. भिंतीवरच्या सगळ्या तसबिरी डावीकडे झुकलेल्या होत्या.

"अगं, ह्या कधीपासून वाकड्या?"

कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली, "तुमची मान वाकडी झाली तेव्हापासून. मीच केल्यात."