धोंडूची खोळ

१९४३ साली माझी पोस्टिंग शहापूरजवळच्या इंजिनिअर कॅम्पात झाली. मी गाडी-दुरुस्तीचा शिकाऊ. पाचला उठवणीचा बिगुल, सहाला पीटी, सातपासून लॉरीच्या पोटाखाली. जोडीदार धोंडू, टोकावड्याच्या बैलगाडीवाल्याचा मुलगा.

पावसाळा सरला आणि स्पर्धा लागली. प्रत्येक जोडीला एक लॉरी, शहापूर-मुरबाड खेपा. जिची लॉरी वर्कशॉपचं तोंड न बघता सर्वांत जास्त टिकेल ती जोडी इन्स्ट्रक्टर म्हणून कॅम्पात राहणार, बाकीचे ब्रह्मदेशच्या आघाडीवर. धोंडूच्या घरी म्हाताऱ्या बापाशिवाय कोणी नव्हतं. त्याला राहायचंच होतं.

कच्च्या रस्त्याची धूळ लॉरीच्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पाट्यांत शिरायची, पाटे कोरडे पडून तडकायचे. धोंडू म्हणाला, "बाबा गाडीच्या आखाला वंगणाची चिंधी बांधतो. आपुन पाट्यांना बांधू."

त्याने कॅनव्हासची खोळ शिवली, खाली सोडता-बांधता येतील असे नाडीचे बंद ठेवले. दर शनिवारी बंद सोडायचे, पाटे पुसायचे, वंगण भरायचं, पुन्हा बांधायचं. दोन महिन्यांत सगळ्यांच्या कमानी मोडल्या. आमची शाबूत.

आमचा हवालदार आमच्याच ताटात जेवायचा. म्हणाला, "खोळ दे. साहेबांना मी दाखवतो." आम्ही खुशीने दिली. मूर्ख होतो.

परेडवर कॅप्टन साहेबांनी जाहीर केलं: लॉरी टिकली ती खोळीमुळे, खोळ हवालदाराची कल्पना, म्हणून इन्स्ट्रक्टर तोच. आमची नावं आघाडीच्या यादीत.

"सर, ती खोळ धोंडूची..."

"खामोश!" हवालदार ओरडला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

धोंडू एवढंच म्हणाला, "जाऊ दे रे. गाड्या तरी टिकतील."

आघाडीवर जाणाऱ्या सगळ्या लॉऱ्यांना नव्या खोळी चढल्या. इन्स्पेक्शनला नीटस दिसाव्यात म्हणून हवालदाराने बंद काढून त्या चारी बाजूंनी शिवून टाकल्या होत्या. धोंडूने हात फिरवला. "बंद कुठंयत? वंगण भरायचं कसं?" मी रिपोर्ट केला. हवालदाराचं उत्तर आलं, "सरकारी सामान कापाल तर चार्ज लावीन."

ब्रह्मदेशात, घाटाच्या उतारावर, सकाळी दहा चाळीसला धोंडूच्या लॉरीची पुढची कमान मोडली. मी मागच्या गाडीत होतो. लॉरी दरीत गेली. खाली उतरलो तेव्हा तो गेलेला होता. मी चाकूने खोळ फाडली. आत नुसती धूळ, वंगणाचा थेंब नाही. हवालदाराला मी आजही माफ केलेलं नाही.

लढाई संपल्यावर टोकावड्याला गेलो. म्हातारा अंगणात गाडीच्या आखाला चिंधी बांधत होता. सगळं ऐकून घेतलं. चिंधीची गाठ आवळली. मग विचारलं, "कमान कोरडी व्हती म्हंता. माझा धोंडू वंगण इसरला का?"

"नाय बाबा," मी म्हणालो. "त्याला उघडू दिलं नाय."