ग्रँड एट आणि भिंतीपलीकडची गोलकीपर

हसणार नसाल तर सांगते. हसणारच आहात, माहितीये मला. पण निदान चहाचा घोट गिळून मग हसा, कारण मी जे करून बसलेय ना, ते ऐकताना चहा नाकात जायची दाट शक्यता आहे.

सुरुवात अमेरिकेपासून करावी लागेल. घाबरू नका, डोंबिवलीला लगेच परत येऊ.

माझा नवरा निखिल ज्या कंपनीत आहे तिथले साहेब लोक अमेरिकेत बसतात. सोमवारच्या कॉलवर कामाचं बोलण्याआधी ते आपापल्या कॉलेजच्या फुटबॉलचं रडगाणं गातात. तो फुटबॉल म्हणजे हातात धरून पळायचा. (मग फुट कशाला म्हणतात?) एका संध्याकाळी मटार सोलता सोलता निखिलने मला ते प्रकरण समजावून सांगितलं. तिकडची कॉलेजं पिढ्यान्पिढ्या आजूबाजूच्या कॉलेजांशी खेळत आलेली. गट ठरलेले, दुश्मन ठरलेले. मग टीव्हीचा पैसा आला, प्लेऑफचा, म्हणजे शेवटच्या बाद फेरीचा, पैसा आला, आणि एकेक कॉलेज शेजाऱ्याला टाटा करून जास्त पैसेवाल्या गटात पळालं. आता पश्चिमेच्या समुद्रावरचं कॉलेज पूर्वेच्या समुद्राचं नाव लावणाऱ्या गटात खेळतं. नावात 'दहा' असलेल्या गटात दहाहून कितीतरी जास्त कॉलेजं आहेत. आणि खेळाडू? तेही दर वर्षी या कॉलेजातून त्या कॉलेजात.

"म्हणजे शेजाऱ्याशी खेळायचं सोडून विमानाने जायचं आणि अनोळखी माणसांशी खेळायचं?"

"हो."

"आणि हे शिकलेले लोक आहेत?"

"कॉलेजंच आहेत गं ती."

मी इतकी हसले की मटार सांडले. कसले हपापलेले लोक, म्हटलं. यांच्यापेक्षा आमची मुलं शहाणी.

आता आमची मुलं. माझी ओवी आठ वर्षांची आहे आणि ती गोलकीपर आहे. बॉल आला की बाकीची मुलं डोळे मिटतात, ही मोठे करते. आमची सोसायटी नीलपर्ण, शेजारची सोनचाफा. दोघींच्या मध्ये एकच कंपाउंडची भिंत. आजूबाजूच्या चार-पाच सोसायट्यांनी मिळून मागच्या मैदानावर रविवारची लीग चालवलेली. गोलचे खांब आमचे आणि जाळी सोनचाफाची, त्यामुळे भांडण झालं तरी पुढच्या रविवारी एकत्र यावंच लागायचं. आणि एक पद्धत होती: दर रविवारी एक सोसायटी यजमान, आणि मॅच झाली की यजमानांनी पाहुण्या टीमला खायला घालायचं. हरलेल्यांना आधी. सोनचाफाची टीम म्हात्रे काकू चालवायच्या, ओवीच्या जिवलग मैत्रिणीची, जुईची आजी. त्यांच्या पोह्यांसाठी आमची मुलं मुद्दाम हरायची, असा मला दाट संशय आहे.

मी सोसायटीच्या क्रीडा समितीवर कशी? प्रश्न विचारून विचारून. मैदानावर काचा आहेत का, डेटॉल कुणाकडे आहे, पाण्याची बाटली उकळलेल्या पाण्याचीच आहे ना... शेवटी आमचे चेअरमन कर्णिक काका म्हणाले, "आपणच समितीवर या, म्हणजे प्रश्न आणि उत्तरं दोन्ही एकाच ठिकाणी राहतील." तो टोमणा होता हे मला घरी गेल्यावर कळलं.

तर एके दिवशी समितीच्या मीटिंगला रोहन सर आले. हे ठाण्यातल्या कोलशेतच्या कुठल्याशा उंच टॉवरवाल्या कॉम्प्लेक्सचे. हॉलमध्ये, ट्यूबलाइटखाली, डोळ्यांवर गॉगल! बिल्डरचा पैसा, हिरवंगार टर्फ, आणि नवीन लीग: 'ग्रँड एट'. पहिल्या चार टीम प्लेऑफला, आणि प्लेऑफच्या पैशात त्या सोसायट्यांचा वाटा.

कर्णिक काका म्हणाले, "पण आपल्याला याची आवश्यकता काय? शेजाऱ्यांशी उत्तम चाललं आहे."

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं की नाही? मटार सांडेपर्यंत हसलेली बाई मी! पण रोहन सरांनी गॉगल थोडा खाली केला आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, जी मुलं आत्ता मागे राहतात ना, ती मागेच राहतात."

संपलं. आईला हे वाक्य ऐकवायचं म्हणजे गॅस चालू राहिलाय असं सांगण्यासारखं आहे. पुढचं काही ऐकूच येत नाही.

मी उठून उभी राहिले. "काका, जगभर हेच चाललंय. अमेरिकेतली कॉलेजं बघा..." आणि निखिलने सांगितलेलं सगळं ओकले. फक्त हसायचा भाग वगळून. समिती आ वासून ऐकत होती. रोहन सर तर म्हणाले, "मॅडमचा स्टडी डीप आहे." स्टडी! पाव किलो मटारांएवढा!

ठराव पास झाला. दुसऱ्या दिवशी म्हात्रे काकूंनी मला भिंतीवरून गाठलं.

"काय गो, भिंत एकच आपली, आन् खेलायला कोलशेतला जानार?"

"काकू, एक्स्पोजर मिळतं मुलांना."

"मिलू दे, मिलू दे. जाली मात्र आमची हाय हां."

जाळी त्यांनी काढून नेली. आमच्याकडे नुसते खांब उरले आणि त्यांच्याकडे नुसती जाळी.

पुढचं काय वर्णावं? रविवारी भल्या पहाटे भाड्याची टेम्पो ट्रॅव्हलर. माणकोलीच्या पुलापर्यंत मुलं गाणी म्हणायची, माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये ओकायची. ओवीचा नंबर नेहमी पहिला. टर्फवर पोहोचलं की गेटवर पाटी: बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. आत कॉफी, तिच्या किमतीत आमच्याकडे रविवारचं मटण येतं. ग्रँड एटमध्ये टीम अकरा. मी विचारलं तर रोहन सर म्हणाले, "एट हा ब्रँड आहे, मॅडम." 'खाडीकिनारा गटा'त बदलापूर. बदलापूरला खाडी कधी गेली? "तोही ब्रँडच आहे, मॅडम."

आम्ही हरत होतो. मग ट्रॅव्हलरबरोबर भाड्याने आणावा तसा एक कोचही आणला. तो म्हणाला, कोपरीला एक उंच मुलगी आहे, तयार गोलकीपर, आणू का? समितीत मत घेतलं. आणि मी (माझं तोंड बघा आता) मोठ्या निःपक्षपातीपणाने हात वर केला. स्वतःच्या मुलीला बेंचवर बसवणारी आई! सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मला घरी जाईपर्यंत अंगावर शाल असल्यासारखं वाटत होतं.

"बाळा, बेंचवर बसूनही खूप शिकता येतं," मी ओवीला सांगितलं.

ती ग्लोव्ह्ज घेऊन आत गेली. थोड्या वेळाने आली, "आई, एक विचारायचं होतं."

"आत्ता नाही, मीटिंग आहे. बाबाला विचार."

त्यानंतर रविवारी तिचं पोट दुखायला लागलं. रोज संध्याकाळी ती जुईकडे जायची आणि मातीने माखून परत यायची. विचारलं तर म्हणाली, "बागकाम करतो." मी ते चार आयांना अभिमानाने सांगितलं. मुलांना मातीशी नातं हवं गं, वगैरे. निखिल तेव्हा खिडकीबाहेर बघत खोकला होता. हवा बदलली असेल, असं मला वाटलं.

हरूनसुद्धा आमची टीम प्लेऑफला निवडली गेली. हो, निवडली! कारण चार टीम गुणांवर ठरत नव्हत्या, रोहन सर आणि मंडळी ठरवत होती. "तुमचे पेरेंट्स जबरदस्त ओरडतात, मॅडम. स्टँड भरतो. कॉफीपण मस्त खपते." मग चौघांतली एक टीम आयत्या वेळी नवी मुंबईच्या आणखी मोठ्या लीगला पळाली. तिच्या जागी रोहन सरांनी कुणाला बोलावलं असेल?

सोनचाफाला. आणि मॅच कुणाशी? आमच्याशी!

"एक दीवार, दो दुश्मन! क्या स्टोरी है, मॅडम!"

म्हणजे बघा. एका भिंतीच्या दोन बाजूंना राहणारी मुलं दोन वेगळ्या ट्रॅव्हलर करून, खाडी ओलांडून, ओकत ओकत कोलशेतला जाणार, आणि तिथे एकमेकांशी खेळणार. याला प्रगती म्हणतात.

मॅचच्या आदल्या दिवशी दुपारी कोचचा फोन आला. "मॅडम, सोनचाफाकडे नवीन गोलकीपर आहे. त्यांच्या सोसायटीतली नाहीये. कुठूनतरी फोडलीय. भारी आहे म्हणतात."

माझं डोकंच फिरलं. आमची कोपरीची उंच मुलगी त्या क्षणी मला आठवली का? अजिबात नाही! मी फोन उचलला आणि लीगच्या मोठ्या ग्रुपवर, जिथे अकराच्या अकरा सोसायट्या आहेत, तिथे लिहायला बसले. मराठीत एम.ए. आहे मी. त्या दिवशी ती पदवी पहिल्यांदा कामाला आली.

लिहिलं की, आठ-नऊ वर्षांची मुलगी आपली टीम सोडून दुसरीकडे जाते, यात त्या लेकराचा दोष नाही. दोष घरच्या वळणाचा आहे. चार पैशांच्या वाट्यासाठी मुलीला भिंतीपलीकडे पाठवणारी ही कसली आई? तिचं मुलीकडे लक्ष तरी असतं का? त्या मातेने उद्या मैदानावर येऊन सर्वांसमोर माफी मागावी!

टाळ्या, आगी, नमस्कार, नुसता पाऊस पडला ग्रुपवर. बदलापूरच्या एका काकांनी लिहिलं, 'डोळ्यांत पाणी आलं.' मी तो मेसेज दोनदा वाचला. बरं, तीनदा.

संध्याकाळी निखिल घरी आला. बूट न काढता दारातच उभा.

"हे तू लिहिलंयस?"

"हो. कसं वाटलं?"

"भाषा चांगली आहे."

"आता ती आई कोण आहे ते कळलं ना, की बघतेच मी तिच्याकडे."

"कोण आहे ते माहितीये मला."

"कोण?"

त्याने बूट काढले. मोजे काढले. मोजे बुटात नीट कोंबले. एवढं नीटनेटकं तो आयुष्यात कधी वागला नव्हता. आणि तेवढ्यात दार ढकलून ओवी आत आली. गुडघ्यापर्यंत माती, हातात गोलकीपरचे ग्लोव्ह्ज, अंगात सोनचाफाचा पिवळा शर्ट.

मी ग्लोव्ह्जकडे बघितलं. शर्टाकडे बघितलं. निखिलकडे बघितलं.

"बागकाम?" मी विचारलं. आवाज माझाच होता बहुतेक.

"तूच म्हणालीस ना, बाबाला विचार," ओवी म्हणाली. "मग मी विचारलं. बाबा म्हणाला, जा. तिथे मला खेळवतात, आई. आणि पोहे असतात. आणि बसने जावं लागत नव्हतं." मग जरा थांबून, "आता मात्र तिथेही बसनेच जायचंय. तुमच्या त्या ग्रँड एटमुळे."

"मला सांगितलं का नाहीस?" मी निखिलवर घसरले.

"तीनदा सांगायला आलो. एकदा मीटिंग होती, एकदा मीटिंगची तयारी होती, एकदा तू मुलांचं मातीशी नातं सांगत होतीस."

मी पोस्ट उडवायला धावले. उडवून उपयोग काय? लोकांनी फोटो काढून फिरवली होती! रोहन सरांना फोन लावला. "सर, तक्रार मागे घेते. गैरसमज झाला."

"अरे मॅडम, मागे कशाला? बाहेरचा प्लेअर चालतो आपल्याकडे, तसा रूलच नाही. पण पोस्ट हिट आहे! मॅचच्या आधी दोन्ही आयांचा हँडशेक ठेवलाय. माइकवर."

"सर, ऐका ना, ती आई..."

"उद्या बघू, मॅडम!" फोन बंद.

रविवारी स्टँड तुडुंब. आमच्या बाजूला निळे शर्ट, पलीकडे पिवळे. ओवी गोलमध्ये उभी, डोळे मोठे. उलटी करून आली होती, तरी चेहरा असा खुललेला की मी महिनाभरात बघितला नव्हता. आणि माइकवर एक मुलगा, ज्याला आमच्यातलं कुणीही माहीत नाही.

"ज्या मॅडमनी तक्रार केली, त्यांनी प्लीज सेंटरला या!"

टाळ्या. मी गेले. जाण्यावाचून गत नव्हती, कोचने ढकललंच मागून.

"आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे, त्या गोलकीपरच्या मम्मी, तुम्हीपण या! घाबरू नका!"

लोक माना वळवून इकडेतिकडे बघतायत. बदलापूरचे काका तर उभेच राहिले, ती निर्लज्ज बाई नीट दिसावी म्हणून.

"दुसऱ्या मॅडम कुठे आहेत?"

"आल्यात," मी पुटपुटले.

"कुठे?"

"मीच."

त्याने कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याला दिलेल्या कार्यक्रमात याची सोय नव्हती. मग त्याने, बिचाऱ्याने, जे छापलं होतं तेच वाचलं. "तर आता दोघींनी हात मिळवायचे आहेत!"

काय करणार? मी उजव्या हाताने माझा डावा हात धरला. दोन्ही हात एकत्र आले. लांबच्या लोकांना वाटलं, बाई नमस्कार करतायत. प्रचंड टाळ्या पडल्या.

"आई!" गोलमधून ओवी ओरडली. "बाजूला हो ना, मॅच सुरू करायचीय!"

मॅच सोनचाफाने जिंकली. ओवीने शेवटचा बॉल असा अडवला की मी निळ्या शर्टांच्या गर्दीत उभी राहून ओरडले, आणि कोच माझ्याशी अजून बोलत नाहीये. प्लेऑफच्या पैशातला सोनचाफाचा वाटा? तो आला. त्याच टर्फवरच्या सुट्टीतल्या शिबिरासाठी सवलतीच्या कूपनच्या रूपात.

बाहेर पार्किंगमध्ये म्हात्रे काकूंनी ट्रॅव्हलरच्या मागच्या सीटखालून भलामोठा डबा ओढून काढला. आमची हरलेली मुलं सवयीने आधी रांगेत उभी राहिली. कोपरीची उंच मुलगी सगळ्यांत पुढे. ओवी आणि जुई पोह्यांवर खोबरं टाकत होत्या. मी लांब, गाडीआड उभी.

"अगो, इकरं ये," काकूंनी हाक मारली आणि माझ्या हातात एक प्लेट दिली. "ही तक्रार करनाऱ्या बाईला."

मग दुसऱ्या हातात दुसरी.

"आन् ही त्या पोरीच्या आयसला. दोगींनी भांडू नका आता, बसून खा."

दोन्ही खाल्ल्या हो! दुसऱ्या प्लेटमध्ये खोबरं जास्त होतं.